दाखल्यावर ३२ टक्के, मग भरपाईही ३२ टक्केच का?

प्रश्न: मी बांधकामावर परांची बांधायचो. शिक्षण सातवी. मार्च २०२४ मध्ये दुसऱ्या मजल्याच्या उंचीवरून पडलो, तेव्हा ४० वर्षं पूर्ण होती. उजव्या खांद्याजवळ दंडाचं हाड मोडलं, प्लेट टाकली. उजवं मनगटही मोडलं होतं. आता हात खांद्याच्या वर जात नाही, मूठ घट्ट बसत नाही. पगार २३,५०० होता, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापत नव्हते. जानेवारी २०२५ मध्ये भरपाईचा अर्ज आयुक्तांकडे दाखल केला आहे. सरकारी रुग्णालयाचा दाखला ३२ टक्क्यांचा आहे. विमा कंपनीचे डॉक्टर १२ टक्के म्हणतात, आमचे वकील १०० टक्के मागू म्हणतात. ठेकेदाराने साइटवरच वॉचमनचं काम दिलंय, पगार १२,०००. तो म्हणतो, ‘तू कमावतोयस, मग नुकसान कसलं? १ लाख ८० हजार घे आणि मिटव.’ नक्की किती टक्के धरतात आणि ते कोण ठरवतं? वॉचमनचं काम सोडून दिलं तर केस मजबूत होईल का?

उत्तर: तुमच्या पत्रात ३२, १२ आणि १०० असे तीन आकडे आहेत, ठेकेदाराचा शून्य धरला तर चार. यातला एकही आकडा अजून तुमच्या कमाईक्षमतेतल्या घटीचा आकडा झालेला नाही. तो पुराव्यातून ठरायचा आहे, आणि तो पुरावा उभा करायची वेळ आत्ताच आहे. पुढे हायकोर्टात गेलात तरी कर्मचारी भरपाई कायद्याच्या कलम ३० प्रमाणे तिथे फक्त कायद्याच्या महत्त्वाच्या मुद्द्यावर अपील चालतं. गोला राजण्णा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टच म्हटलं आहे की वस्तुस्थितीच्या बाबतीत आयुक्तांचा निर्णय हाच शेवटचा. म्हणजे आयुक्तांसमोर जे कागद आणि ज्या साक्षी येतील, त्यावरच तुमची टक्केवारी कायमची ठरणार.

आधी कोणता कायदा ते पाहू. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा घेणारी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, पण भरपाईचा हक्क अपघाताच्या दिवशी निर्माण होतो. तुमचा अपघात त्याआधीचा आहे आणि अर्जही आधीच दाखल आहे, त्यामुळे मोजमाप कर्मचारी भरपाई कायदा, १९२३ प्रमाणेच व्हायला हवं. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी कामगार न्यायालयाचे न्यायाधीशच या कायद्याखालचे आयुक्त म्हणून काम पाहतात. ईएसआय लागू असता तर हा रस्ताच बंद होता. तिथे वैद्यकीय मंडळ टक्के ठरवतं आणि दरमहा लाभ मिळतो.

आता एक टक्का म्हणजे किती रुपये, हे आधी हिशोबात बसवून घ्या. कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी मासिक वेतनाच्या ६० टक्क्यांना वयाच्या गुणकाने गुणतात. वेतन कितीही असलं तरी जास्तीत जास्त १५,००० धरतात. ही मर्यादा ३ जानेवारी २०२० पासूनची आहे. म्हणून २३,५०० सिद्ध करण्यासाठी ओव्हरटाइमचे कागद गोळा करत बसू नका. १५,००० च्या वरचं काहीही सिद्ध केलंत तरी रकमेत एक रुपयाही वाढत नाही. (टक्केवारीच्या वादात मात्र तो पगार कामाला येतो, ते पुढे सांगतो.) ४० वर्षं पूर्ण असतील तर अनुसूची ४ मधला गुणक १८४.१७. म्हणून ९,००० गुणिले १८४.१७, म्हणजे १६,५७,५३० रुपये. हे झाले १०० टक्के. एक टक्का साधारण १६,५७५ रुपयांचा. १२ टक्के म्हणजे सुमारे १,९८,९०० रुपये, ३२ टक्के म्हणजे ५,३०,४०० आणि ६० टक्के म्हणजे ९,९४,५१८. वयाचा पुरावा पक्का ठेवा, शाळा सोडल्याचा दाखला उत्तम. आधारवर जन्मतारीख चुकून एक वर्ष आधीची पडली असेल तर पूर्ण रकमेत पंचवीस हजारांच्या आसपास फरक पडतो.

ठेकेदाराची १,८०,००० ची बोली या हिशोबाशेजारी ठेवून बघा. त्यांच्याच डॉक्टरांच्या १२ टक्क्यांनाही ती पुरत नाही, आणि त्यात व्याज धरलेलंच नाही. कलम ४ए प्रमाणे भरपाई एक महिन्यात दिली नाही तर वर्षाला १२ टक्के साधं व्याज लागतं, आणि ते अपघाताच्या तारखेपासून धरावं असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे. ४० टक्के ठरले असं समजा. ६,६३,०१२ रुपयांवर वर्षाला सुमारे ७९,५०० रुपये नुसतं व्याज. सबळ कारण नसताना रक्कम अडवली असेल तर वर ५० टक्क्यांपर्यंत दंड लागू शकतो. तो सहसा विमा कंपनीकडून नाही, मालकाच्या खिशातून जातो. मिटवायची घाई तुम्हाला आहे की त्यांना, हे यावरून ओळखा.

टक्केवारीकडे येऊ. कायद्याने दुखापतींचे दोन गट केले आहेत. अनुसूची १ मध्ये नाव असलेल्या दुखापतींना टक्के आधीच ठरलेले आहेत. पूर्ण अंगठा गेला तर ३०, तर्जनी पूर्ण गेली तर १४, एका हाताची चारही बोटं गेली तर ५०, हात मनगटापासून गेला तर ६०, खांद्याच्या सांध्यातून गेला तर ९०. तिथे कोणी ‘तू अजून कमावतोयस’ म्हणू शकत नाही, घट झालीच असं कायदा धरून चालतो. तुमची दुखापत या यादीत नाही. मोडून वाकडं जुळलेलं हाड, आखडलेला सांधा, गेलेली ताकद हे सगळं कलम ४(१)(सी)(ii) मध्ये येतं. तिथे कायमची कमाईक्षमता किती कमी झाली ते नोंदणीकृत डॉक्टरांनी ठरवून द्यायचं असतं, आणि तेही अनुसूचीतल्या टक्क्यांकडे लक्ष ठेवून. डॉक्टरांच्या अंदाजाशिवाय आयुक्तांनी मनाने एखादा गोल आकडा टाकला तर तो निकाल अपिलात डळमळतो. म्हणून डॉक्टर हा तुमच्या केसमधला पहिला साक्षीदार, आणि नेमकी तिथेच बहुतेकांची केस कच्ची राहते.

तुमचा ३२ टक्क्यांचा दाखला दिव्यांगांच्या सवलतींसाठीच्या मोजपट्टीने काढलेला असतो. ती पट्टी हाताचं कार्य किती गेलं ते मोजते. तुम्ही काय काम करत होता हे तिला विचारायचंच नसतं. तोच खांदा बँकेतल्या कारकुनाचा असता तरी दाखला ३२ चाच निघाला असता. दाखल्यावरची ओळ नीट वाचा: ३२ टक्के ‘उजव्या हाताच्या संदर्भात’ आहेत की ‘संपूर्ण शरीराच्या’? हाताच्या संदर्भातले असतील तर विमा कंपनीचे वकील म्हणणार की पूर्ण शरीराचं अपंगत्व याहून पुष्कळ कमी, सबब १२ बरोबर. शारीरिक अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईक्षमतेतली घट या वेगळ्या गोष्टी आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने मोटार अपघातांच्या बाबतीत राजकुमार विरुद्ध अजयकुमार (२०११) मध्ये आणि या कायद्याखाली इतर निकालांत सांगितलं आहे. पण न्यायालयाने तत्त्व सांगितलं म्हणून तुमचा आकडा आपोआप वाढत नाही. ३२ आणि खरा आकडा यांच्यामधलं अंतर साक्षीनेच भरावं लागतं.

म्हणून ज्या सर्जनने प्लेट टाकली त्यांच्याकडे जा आणि या खटल्यासाठी स्वतंत्र मूल्यांकन मागा. सर्वात आधी त्यात हे लिहून हवं की उपचार पूर्ण झाले, आता सुधारणेची शक्यता नाही, हा दोष कायमचा आहे. हे वाक्य नसेल तर समोरचा पक्ष ‘अपंगत्व तात्पुरतं आहे’ म्हणून सगळंच उडवू बघतो. अपघातानंतर चार महिन्यांनी काढलेला दाखला याच कारणाने निरुपयोगी ठरतो. प्लेट काढायची बाकी असेल तर ती काढल्यावर काय फरक पडेल किंवा पडणार नाही, तेही एका ओळीत यावं.

मग मोजमापं. खांदा पुढून आणि बाजूने किती अंशांपर्यंत उचलता येतो, स्वतःहून किती आणि डॉक्टरांनी उचलल्यावर किती, शेजारी डाव्या खांद्याचे आकडे. या दोन वाचनांत मोठा फरक असेल तर त्याचं कारण लिहिलेलं हवं: स्नायूबंध फाटला आहे, की खांद्याच्या स्नायूची नस दुखावली आहे. नसेचा संशय असेल तर नसांची विद्युत तपासणी करून घ्या. कारण दिलेलं नसलं की विमा कंपनीचे डॉक्टर तिथे ‘रुग्ण प्रयत्न करत नाही’ अशी नोंद करतात. दोन्ही दंडांचा घेर खांद्याच्या टोकापासून सारख्याच अंतरावर सेंटीमीटरमध्ये घ्यावा. वापर नसलेला स्नायू बारीक होतो, आणि ते ढोंग करून आणता येत नाही. स्नायूची ताकद पाचपैकी किती. मनगट वर आणि खाली किती वळतं. मुठीची पकड डायनॅमोमीटरवर, दोन्ही हातांची, प्रत्येकी तीन वाचनं किलोत.

पकडीच्या यंत्राबद्दल एक सावध सूचना. काही तपासनीस मुठीचं अंतर बदलत पाचही खाचांवर वाचन घेतात. हात खरोखर कमजोर असला तरी मधल्या खाचांवर जोर थोडा जास्त येतो आणि टोकांना कमी. मुद्दाम हळू दाबणाऱ्याचे पाचही आकडे साधारण सारखेच येतात. तेव्हा जेवढा जोर आहे तेवढा लावा. खरा आकडा पुरेसा वाईट आहे, त्यात भर घालायला गेलात तर खरा भागही खोटा दिसेल.

मोजमापांपासून थेट टक्क्यांवर उडी मारलेला अहवाल उलटतपासणीत टिकत नाही. मधली पायरी कामाची आहे, आणि ती डॉक्टरांना माहीत नसते. तुम्हाला माहीत असते. एका पानावर तुमच्या कामाचा तपशील लिहून काढा, मुकादमाची किंवा जोडीदाराची सही घ्या आणि अहवाल लिहिण्याआधी डॉक्टरांच्या हातात द्या. ‘परांची बांधणे’ एवढं लिहून भागत नाही. परांचीचा ४० एनबीचा (नाममात्र ४० मिलिमीटर व्यासाचा) सहा मीटर लांबीचा पाइप साधारण २१ किलोचा. दिवसाला असे किती पाइप खांद्यावरून नेत होता, किती वर सरकवत होता? उभा पाइप एका हाताने धरून दुसऱ्या हाताने डोक्याच्या वर क्लॅम्पचा नट पान्याने आवळताना उजवा खांदा किती वर जातो? हार्नेसचा हूक कुठे अडकवता? तो डोक्याच्या वर अडकवायचा असतो. ज्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही आणि मूठ मिटत नाही, त्याला स्वतःचा हूकही त्या हाताने धड लावता येत नाही. अशा माणसाला कोणताही जबाबदार सुपरवायझर परांचीवर चढवणार नाही. हे सगळं समोर असलं की डॉक्टर ‘डोक्यावरचं काम अशक्य, अमुक किलोच्या वर वजन उचलणं अशक्य, शिडी चढणं आणि उंचीवरचं काम धोक्याचं’ असं ठामपणे लिहू शकतात, आणि त्यावरून आलेल्या टक्क्यांना पाया मिळतो. तुम्ही उजखोरे आहात हेही लिहून घ्या. अनुसूचीतल्या टक्क्यांत उजवा-डावा भेद नाही, पण यादीबाहेरच्या दुखापतीत तो सांगायलाच हवा.

खांदा आणि मनगट दोन्ही एकाच हातात आहेत. दोन वेगवेगळे टक्के काढून बेरीज करण्यापेक्षा दोन्हींचा मिळून हातावर काय परिणाम झाला, असा एकच आकडा डॉक्टरांनी द्यावा.

अहवाल नुसता दाखल करून थांबू नका. डॉक्टरांची साक्ष झाली नाही तर तो कागद जवळजवळ बिनवजनाचा. डॉक्टर कोर्टात यायला नाखूश असतात, ही रोजची गोष्ट आहे. साक्षीदाराला हजर करण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार आयुक्तांना आहेत, तेव्हा वकिलांना समन्सचा अर्ज द्यायला सांगा. उलटतपासणीत एक प्रश्न हमखास येतो: ‘डॉक्टर, हा इसम बसून काम करू शकतो की नाही?’ डॉक्टर प्रामाणिकपणे ‘हो’ म्हणतील. तिथेच सोडलं तर १२ टक्क्यांकडे घसरण सुरू. वकिलांनी लगेच फेरतपासणीत, म्हणजे उलटतपासणीनंतर आपल्याच साक्षीदाराला पुन्हा प्रश्न विचारताना, विचारायला हवं: सातवी शिकलेल्या, आयुष्यभर अंगमेहनत केलेल्या माणसाला बसून करता येईल असं कोणतं काम, आणि त्यात उजव्या हाताचा जोर लागतो की नाही?

या प्रश्नामागे कायद्याचा एक बारकावा आहे, तो तुमच्या वकिलांच्या १०० टक्क्यांवर आणि ठेकेदाराच्या शून्यावर, दोन्हींवर लागू पडतो. कायमच्या अंशतः अपंगत्वात फक्त जुन्या कामातली क्षमता बघत नाहीत. अपघाताच्या वेळी जी जी कामं करण्याची तुमची कुवत होती, त्या सगळ्यांतली घट बघतात. पूर्ण अपंगत्व म्हणायचं तर तेव्हा करता येण्यासारखी सगळीच कामं बंद व्हायला हवीत. ‘अपघाताच्या वेळी’ हे शब्द तुमच्या फायद्याचे आहेत. ‘कॉम्प्युटर शिकून घे, ऑफिसात बस’ असं कोणी म्हणालं तर ती कुवत तेव्हा नव्हतीच, म्हणून ती मोजायची नाही. पण वॉचमनचं काम तुम्हाला तेव्हाही जमलं असतं आणि आजही जमतंय, हे समोरचा पक्ष दाखवणार.

१०० टक्के दिले गेल्याचे निकाल आहेत. प्रतापनारायण सिंग देव प्रकरणात (१९७६) सुताराचा डावा हात कोपराच्या वरून गेला होता. अनुसूचीप्रमाणे टक्के कमी बसत असतानाही सर्वोच्च न्यायालयाने पूर्ण अपंगत्व कायम ठेवलं, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. के. जनार्दन प्रकरणात (२००८) टँकरचालकाचा पाय गुडघ्यापासून गेला आणि १०० टक्के घट मानली. यावर विमा कंपनीचा ठरलेला युक्तिवाद असा: संपूर्ण हात मनगटापासून गेला तर कायदा ६० टक्के देतो, मग हात जागेवर असलेल्या माणसाला १०० कसे? उत्तर तयार ठेवा. डॉक्टरांनी अनुसूचीकडे ‘लक्ष ठेवून’ आकडा द्यायचा आहे, अनुसूची ही यादीबाहेरच्या दुखापतीची कमाल मर्यादा नव्हे. शिवाय एखाद्या अवयवाचा वापर पूर्णपणे आणि कायमचा गेला तर तो अवयव गेल्यासारखाच धरायचा, अशी टीपही अनुसूचीत आहे. तुमचा हात मात्र अर्धामुर्धा चालतो, म्हणून ती टीप थेट लागू होणार नाही.

आमचं मत असं: अर्जात १०० टक्के मागायला हरकत नाही, पण पुरावा असा मांडा की १०० नाकारले गेले तरी ५०-६० च्या आसपासचा आकडा स्वतःच्या पायावर उभा राहील. नुसतं ‘मी आता काहीच करू शकत नाही’ असं साक्षीत सांगितलंत आणि समोरून वॉचमनच्या हजेरीपटाची पानं निघाली, तर १०० जातातच, शिवाय उरलेल्या साक्षीवरचा विश्वासही जातो. त्याऐवजी नेमकं सांगा: परांची बंद, पाइप आणि सिमेंटची पोती वाहणं बंद, सेंट्रिंग बंद, वरच्या बाजूचं रंगकाम बंद, गेटवर बसणं चालतं. मुकादमाला साक्षीला बोलवून असा माणूस तो टोळीत घेईल का, हे त्याच्या तोंडून येऊ द्या.

आता ठेकेदाराचं ‘कमावतोयस, मग नुकसान कसलं’. अपघातानंतर मिळणारा पगार हा पुरावा आहे, निकाल नव्हे. त्याच मालकाने, खटला चालू असताना, त्याच साइटवर दिलेली नोकरी बाजारात त्या माणसाला काय किंमत आहे हे दाखवतेच असं नाही. साइट संपली की ती नोकरीही संपू शकते. पूर्वीचाच पगार चालू राहिला तरी घट शून्य ठरत नाही, असं अनेक उच्च न्यायालयांनी म्हटलं आहे. तुमच्या बाबतीत तर पगार २३,५०० वरून १२,००० वर आला आहे, म्हणजे नुसत्या आकड्यांतच जवळपास ४९ टक्के घट. आणि तुलना २०२४ च्या पगाराशी थांबवू नका. तुमच्या टोळीतल्या, तुमच्याइतक्याच अनुभवाच्या माणसाला आज काय मिळतं त्याची पावती किंवा त्याची साक्ष आणा. त्याला आज २६,००० मिळत असतील तर घट ५४ टक्क्यांवर जाते. जुना पगार रकमेत उपयोगी नाही असं वर म्हटलं, तो इथे उपयोगी पडतो. त्याच्यासाठी बँक पासबुक आणि पीएफचं पासबुक पुरेल.

विमा कंपनीच्या डॉक्टरांकडे पुन्हा बोलावलं तर टाळू नका. कलम ११ प्रमाणे मालकाने दिलेली मोफत तपासणी कामगाराने नाकारली तर हक्क तेवढ्यापुरता स्थगित होतो. जाताना सगळे एक्स-रे आणि ऑपरेशनची कागदपत्रं न्या. बाहेर आल्याबरोबर लिहून ठेवा: किती मिनिटं तपासलं, कोनमापक लावला की नुसतं डोळ्यांनी पाहिलं, पकड यंत्रावर मोजली का, डाव्या हाताशी तुलना केली का, तुमच्या कामाबद्दल एक तरी प्रश्न विचारला का. १२ टक्क्यांच्या अहवालावर उलटतपासणी याच नोंदींवरून होते. दोन डॉक्टरांत फारच अंतर राहिलं तर सरकारी वैद्यकीय मंडळाकडे पाठवण्याची विनंती करता येते. आयुक्तांना जाणकाराची मदत घेण्याचा अधिकार कलम २० मध्ये आहे. मात्र मंडळाकडे जाताना कामाचा तपशील असलेलं पान सोबत जाईल हे बघा, नाहीतर तिथूनही पुन्हा सवलतीच्या पट्टीवरचाच आकडा येतो.

फिजिओथेरपीची कार्डं आणि पावत्या शोधून ठेवा. आखडलेल्या खांद्याच्या केसमध्ये विमा कंपनीचं आवडतं म्हणणं असतं की व्यायाम केला नाही म्हणून खांदा आखडला. डॉक्टरांच्या सूचना विनाकारण मोडल्याने दुखापत बळावली असेल तर नीट उपचार झाले असते तर जेवढी राहिली असती तेवढीच धरायची, अशी तरतूद खरोखरच आहे. जिथे खंड पडला त्याचं कारण सांगता आलं पाहिजे: पैसे संपले, गावी जावं लागलं, जखम चिघळली. उपचाराचा प्रत्यक्ष खर्चही मालकाने द्यायचा असतो (कलम ४(२ए)), त्यामुळे त्या पावत्या दुहेरी कामाच्या. मालकाने दवाखान्याचं बिल भरलं असेल तर ते भरपाईतून वजा होत नाही. कामावर नसतानाच्या काळात भरपाई म्हणून काही हप्ते दिले असतील तर ते मात्र वजा होऊ शकतात.

तडजोड करायचीच असेल तर ती दोन माणसांत स्टॅम्पपेपरवर करू नका. कलम २८ प्रमाणे करारनामा आयुक्तांकडे नोंदवावा लागतो, आणि रक्कम अपुरी वाटली तर ते नोंदणी नाकारू शकतात. ‘यापुढे माझी काही तक्रार नाही’ अशा कागदावर आधीच सही झाली असली तरी घाबरू नका. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कलम १७ ने रद्दबातल आहे. फक्त त्या सहीपोटी पैसे घेतले असतील तर ते लपवू नका. अर्जात मूळ बिल्डरला पक्षकार केलं आहे का, तेही पाहा. ठेकेदाराचा माणूस असलात तरी कलम १२ प्रमाणे मुख्य मालकाकडेही भरपाई मागता येते, आणि ठेकेदार गायब झाला किंवा पॉलिसीत खोट निघाली तर तोच आधार उरतो.

वॉचमनचं काम सोडू नका. खटल्यासाठी मुद्दाम सोडलंत तर ‘काम असून केलं नाही’ हे पहिल्याच प्रश्नात बाहेर येईल. त्या कामाचे कागद मात्र जमवा: नेमणुकीची चिठ्ठी, ड्युटीचे तास, बँकेत जमा झालेला पगार. तिथे पाइप उतरवायला किंवा पंप ओढायला सांगतात का आणि तुम्हाला ते जमत नाही म्हणून कोण करतं, ते सोबत्यांच्या नावासह लिहून ठेवा. ठेकेदाराने स्वतःहून काढलं तर त्याच आठवड्यात वकिलांना कळवा, म्हणजे तारीख आणि कारण तुमच्या साक्षीच्या प्रतिज्ञापत्रात घालता येईल.